न्यू मेक्सिको: जाण्याआधी सगळे विचारतात ते प्रश्न

ग्रँड कॅन्यन झालं, लास व्हेगास झालं, यलोस्टोनही झालं, आता पुढे काय, असं म्हणणाऱ्या मंडळींसाठी आणि त्यांच्याकडे उन्हाळ्यात येणाऱ्या आई-बाबांसाठी ही प्रश्नोत्तरं. काही उत्तरं लांबली आहेत. जिथे सांगण्यासारखं फारसं नव्हतं तिथे दोन ओळींत उरकलं आहे.

न्यू मेक्सिकोला जायला मेक्सिकोचा व्हिसा लागतो का?

नाही. हे अमेरिकेचं ४७वं राज्य, ६ जानेवारी १९१२ पासून. प्रश्नाला हसू नका. खुद्द अमेरिकन लोक तो विचारतात. गाड्यांच्या नंबरप्लेटवर राज्याच्या नावापुढे ‘यूएसए’ छापण्याची वेळ या एकाच राज्यावर आली आहे. गंमत म्हणजे हे नाव शेजारच्या देशाहून जुनं आहे. स्पॅनिश लोकांनी ते सोळाव्या शतकात दिलं, आणि मेक्सिको हा स्वतंत्र देश झाला १८२१ मध्ये.

पासपोर्ट आणि व्हिसाचे कागद मात्र गाडीत ठेवाच. राज्याच्या दक्षिण भागात महामार्गांवर सीमा गस्तीदलाच्या कायमच्या चौक्या आहेत. व्हाइट सँड्सला जाता-येता त्यातली एखादी हमखास लागते. गाडी थांबवतात, नागरिकत्व विचारतात, कागद बघतात आणि सोडतात.

आहे तरी केवढं?

क्षेत्रफळ सुमारे ३ लाख १५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा जेमतेम थोडं मोठं. लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत २१ लाख. अख्ख्या राज्यात पुणे शहराइतकीही माणसं नाहीत. म्हणून नकाशावर दोन बोटांचं अंतर दिसलं तरी प्रत्यक्षात तीन तास गाडी हाकावी लागते, आणि वाटेत पेट्रोल पंप दिसला की टाकी अर्धी असली तरी भरून घ्यायची.

उंचीचाही अंदाज असू द्या. सर्वात मोठं शहर आल्बुकर्की साधारण ५,३०० फुटांवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याजवळपास. राजधानी सांता फे ७,००० फुटांवर. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याची राजधानी इतकी उंच नाही. उत्तरेतलं व्हीलर शिखर १३,१६१ फूट.

आल्बुकर्की म्हणजे गोवा जिंकणाऱ्या अल्बुकर्कचं नाव का?

नाही, पण संबंध अगदीच नाही असंही नाही. हे शहर १७०६ मध्ये वसलं आणि त्याला नाव मिळालं ते मेक्सिकोतल्या तेव्हाच्या स्पॅनिश व्हाइसरॉयचं. तो आल्बुर्केर्केचा ड्यूक होता. १५१० मध्ये गोवा घेणारा अफोन्सो द आल्बुकेर्क पोर्तुगीज, दोन शतकं आधीचा. दोघांची नावं मात्र स्पेन-पोर्तुगाल सीमेजवळच्या एकाच गावावरून आली आहेत. त्या एका गावाचं नाव मांडवीकाठीही पोहोचलं आणि रिओ ग्रांदेकाठीही.

इतिहास थोडक्यात सांगता येईल का?

प्रयत्न करतो. एक गोष्ट आधी सांगून टाकतो: या प्रदेशात जो जो बाहेरून आला त्याने तो ओसाड समजला, आणि तो कधीच ओसाड नव्हता. हे एक सूत्र धरलं की सगळा इतिहास नीट लागतो.

स्पॅनिश यायच्या कित्येक शतकं आधीपासून इथे पुएब्लो लोक मक्याची शेती करत, माती-दगडाची दोन-तीन मजली घरं बांधून गावांत राहत होते. ‘पुएब्लो’ म्हणजे स्पॅनिशमध्ये गाव. ही गावं बघून पडलेलं नाव. १५४० मध्ये कोरोनादो सोन्याच्या नगरांच्या शोधात आला, सोनं नव्हतंच, हात हलवत परतला. १५९८ मध्ये हुआन दे ओन्याते मात्र वसाहत करायलाच आला. पुढच्याच वर्षी त्याने आकोमा गावावर हल्ला केला. शेकडो माणसं मारली, आणि पंचवीस वर्षांवरच्या चोवीस पुरुषांचा एकेक पाय तोडण्याची शिक्षा सुनावली. हे लोक विसरलेले नाहीत. ओन्यातेच्या आगमनाला चारशे वर्षं होत आली तेव्हा अल्काल्दे इथल्या त्याच्या घोड्यावरच्या पुतळ्याचा उजवा पाय कुणीतरी रात्रीतून करवतीने कापून नेला. २०२० मध्ये तो पुतळाच तिथून हलवला गेला.

मग १६८० चा उठाव. शिवाजी महाराजांचं निधन झालं ते हेच वर्ष, त्यामुळे मराठी माणसाला ही सनावळ पाठ करायला अडचण नाही. दुष्काळ, सक्तीचं धर्मांतर, वेठबिगार यांनी लोक गांजले होते. १६७५ मध्ये पुएब्लोंच्या ४७ धर्मप्रमुखांना चेटूक केल्याच्या आरोपाखाली पकडून फटके मारण्यात आले, काहींना फाशी दिलं. फटके खाल्लेल्यांत पोपे नावाचा एक जण होता. पाच वर्षांनी त्याने शेकडो मैलांवर पसरलेल्या, वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या गावांना एकत्र आणलं. दिवस ठरवायची युक्ती साधी होती. धावपटूंच्या हाती प्रत्येक गावाला गाठी मारलेली दोरी पाठवायची; रोज एक गाठ सोडायची; शेवटची गाठ सुटली की उठायचं. दोन धावपटू पकडले गेले, म्हणून उठाव आधीच, १० ऑगस्टला सुरू झाला. सुमारे ४०० स्पॅनिश मारले गेले, त्यांत २१ पाद्री. उरलेल्यांना सांता फेत कोंडून त्यांचं पाणी तोडलं आणि शेवटी ते दक्षिणेला निघून गेले. बारा वर्षं इथे स्पॅनिश राज्य नव्हतं. १६९२ मध्ये ते परतले, पण पहिल्यासारखी जुलूम-जबरदस्ती पुन्हा त्यांना जमली नाही. वॉशिंग्टनच्या संसद भवनात प्रत्येक राज्याचे दोन पुतळे असतात. न्यू मेक्सिकोने २००५ मध्ये दुसरा पाठवला तो पोपेचा. हातात गाठींची दोरी आहे, पाठीवर फटक्यांचे वळ आहेत.

पुढचं भराभर. १८२१ मध्ये मेक्सिको स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी मिझुरीहून सांता फे ट्रेल हा व्यापारी मार्ग सुरू झाला. १८४६ मध्ये अमेरिकी सैन्याने एकही गोळी न झाडता सांता फे घेतलं, १८४८ च्या तहाने प्रदेश अमेरिकेचा झाला. १८६४ मध्ये लष्कराने हजारो नाव्हाहो लोकांना त्यांच्या मुलखातून हाकलून तीनशेहून जास्त मैल पायी चालवत बोस्के रेदोंदोच्या छावणीत नेलं. पाणी खारट, पिकं किडीने खाल्लेली, शेकडो माणसं मेली. १८६८ मध्ये सरकारला उपरती झाली आणि तह करून त्यांना घरी जाऊ दिलं. १८८० मध्ये रेल्वे सांता फेला पोहोचली. राज्याचा दर्जा मिळायला तरीही १९१२ उजाडलं, म्हणजे टेरिटरी (राज्याचा दर्जा नसलेला, केंद्राच्या ताब्यातला प्रदेश) झाल्यावर ६२ वर्षं. स्पॅनिश बोलणाऱ्या कॅथलिक बहुसंख्याकांविषयी वॉशिंग्टनला वाटणारी अढी हे त्याचं एक मोठं कारण. आणि मूळ रहिवाशांना? नागरिकत्व १९२४ मध्ये मिळालं, पण या राज्यात मतदानाचा हक्क १९४८ मध्ये. त्यासाठीही दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या मिगेल त्रुहियो या इस्लेता गावच्या शिक्षकाला कोर्टात जावं लागलं.

पुएब्लो गावं बघता येतात का? तिथे कसं वागायचं?

येतात, आणि माझ्या मते न्यू मेक्सिकोला जाण्याचं पहिलं कारण हेच. आज १९ पुएब्लो आहेत. शिवाय नाव्हाहो आणि तीन अपाची जमातींचे प्रदेश. प्रत्येकाचं आपलं सरकार, आपले कायदे.

ताओस पुएब्लो सर्वात प्रसिद्ध. सुमारे हजार वर्षं सलग वस्ती, १९९२ पासून जागतिक वारसा यादीत. मधून ओढा वाहतो, त्याच्या दोन काठांवर मातीच्या घरांचे दोन मोठे ढीग एकमेकांवर रचल्यासारखे उभे. जुन्या गावात वीज नाही, नळ नाही, ठरवूनच नाही. भिंती दरवर्षी माती आणि काडाने लिंपतात. अंगणात घुमटाकार मातीच्या भट्ट्या, ओर्नो म्हणतात त्यांना, त्यात भाजलेला पाव विकायला असतो. घ्या. दफनभूमीत एका पडक्या चर्चचा नुसता घंटेचा मनोरा उरला आहे. १८४७ मध्ये अमेरिकी राजवटीविरुद्ध बंड झालं, लोक त्या चर्चमध्ये आश्रयाला शिरले, आणि लष्कराने तोफा लावल्या. दीडशेच्या आसपास माणसं गेली.

गावामागच्या डोंगरात ब्लू लेक आहे, त्यांचं सर्वात पवित्र स्थान. १९०६ मध्ये सरकारने ते राष्ट्रीय वनात घातलं. ताओसच्या लोकांनी नुकसानभरपाईचे पैसे नाकारले, आम्हाला तळंच हवं, म्हणाले. ६४ वर्षं मागे लागून १९७० मध्ये ४८ हजार एकर जमिनीसह ते परत मिळवलं. निक्सन यांनी कायद्यावर सही केली. तिथे पाहुण्यांना जाता येत नाही आणि ते योग्यच आहे.

आकोमा एका ३६० फुटी खडकाच्या माथ्यावर आहे. स्वतःहून वर जाता येत नाही, गावच्या वाटाड्याबरोबरच जायचं. १६२९ पासून बांधलेलं सान एस्तेबान चर्च आत आहे. त्याच्या तुळया तीस-चाळीस मैलांवरच्या डोंगरातून खांद्यावरून आणल्या असं वाटाडे सांगतात.

वागणुकीचे नियम अवघड नाहीत. फोटोची परवानगी आधी विचारा. काही गावांत फी असते, काही ठिकाणी सक्त मनाई. सणाच्या नृत्यांचे फोटो नाहीत, चित्रण नाही, टाळ्याही नाहीत. तो कार्यक्रम नव्हे, पूजा आहे. दार उघडं दिसलं म्हणून आत डोकावू नका, कुणाचं तरी घर असतं. निघण्याआधी गाव खुलं आहे ना हे बघा. ताओस हिवाळ्याच्या अखेरीस काही आठवडे पाहुण्यांना बंद असतं.

सांता फेत काय बघायचं?

चौक. तिथून सगळं पायी. उत्तर बाजूला १६१० च्या सुमाराचा गव्हर्नरांचा वाडा आहे, अमेरिकेतली सर्वात जुनी, सलग वापरात असलेली सरकारी इमारत. स्पॅनिश, पुएब्लो, मेक्सिकन आणि अमेरिकन अशा चार सत्ता तिने पाहिल्या. तिच्या पडवीत रोज पुएब्लो आणि नाव्हाहो कारागीर जमिनीवर कापड अंथरून दागिने, मडकी मांडून बसतात. सकाळी चिठ्ठ्या टाकून जागा वाटतात.

शहर मातीच्या रंगाचं दिसतं, कारण तसं दिसलंच पाहिजे असा १९५७ चा नियम आहे. त्यातली कितीतरी घरं आतून सिमेंटच्या विटांची आणि वरून तपकिरी गिलाव्याची. लोरेटो चॅपलमधला नागमोडी लाकडी जिना बघायला पैसे लागतात; ३३ पायऱ्या, दोन पूर्ण वळसे, मध्ये खांब नाही. कॅन्यन रोडवर चित्रांची दालनं आहेत, फुकट बघता येतात, किमती बघून घाम फुटतो. चित्रकार जॉर्जिया ओ’कीफचं संग्रहालय वेळ काढून पाहा, आणि जमलं तर मग तासाभरावरच्या घोस्ट रँचला जा. तिने रंगवलेले लाल-पिवळे कडे तिथे तसेच उभे आहेत.

ताओसला जाताना मोठ्या रस्त्याऐवजी डोंगरातला ‘हाय रोड’ घ्या. वाटेत चिमायो लागतं. तिथल्या छोट्या मातीच्या चर्चच्या मागच्या खोलीत जमिनीत एक खळगा आहे. त्यातली माती अंगाला लावली की दुखणं जातं, अशी श्रद्धा. शेजारच्या खोलीत बऱ्या झालेल्यांनी सोडलेल्या कुबड्या भिंतीला टांगल्या आहेत. गुड फ्रायडेला हजारो लोक सांता फेहून, काही तर आल्बुकर्कीहून, महामार्गाच्या कडेने चालत येतात.

अणुबाँबची जागा बघता येते का? आणि ओपेनहायमर यांनी स्फोटानंतर गीतेचा श्लोक म्हटला, ते खरं का?

दोन वेगळ्या जागा आहेत. लॉस आलामोस, जिथे बाँब तयार झाला, सांता फेहून पाऊण तासावर. १९४३ मध्ये मुलांची एक निवासी शाळा आणि आसपासच्या शेतकऱ्यांच्या जमिनी ताब्यात घेऊन तिथे गुप्त प्रयोगशाळा उभारली. सगळ्यांचा पत्ता एकच: सांता फेची १६६३ क्रमांकाची टपालपेटी. तिथे जन्मलेल्या बाळांच्या दाखल्यावरही जन्मस्थान म्हणून तीच पेटी. आज ब्रॅडबरी विज्ञान संग्रहालय आणि जुनी काही घरं बघता येतात. प्रयोगशाळा चालू आहे, ती अर्थातच बंद.

दुसरी जागा ट्रिनिटी, दोनशे मैल दक्षिणेला, क्षेपणास्त्र चाचणीच्या लष्करी हद्दीत. १६ जुलै १९४५ ला पहाटे ५ वाजून २९ मिनिटांनी शंभर फुटी मनोऱ्यावर जगातला पहिला अणुस्फोट झाला. आधी पाऊस पडत होता, म्हणून वेळ पुढे ढकलली होती. आज तिथे लाव्हाच्या दगडांचा एक छोटा स्तंभ आहे आणि वितळलेल्या वाळूचे हिरवट काचेचे कण, जे उचलणं गुन्हा आहे. लोकांसाठी वर्षातून एखाद-दुसरा दिवसच खुलं असतं, बहुधा ऑक्टोबरातला शनिवार. लष्कराच्या संकेतस्थळावर तारीख पक्की झाल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका.

गीतेचं. बाँबच्या प्रयोगशाळेचे प्रमुख ओपेनहायमर बर्कलीत आर्थर रायडर यांच्याकडे संस्कृत शिकले होते आणि गीता मुळातून वाचत, हे खरं. अकराव्या अध्यायातला बत्तिसावा श्लोक, ‘कालोऽस्मि लोकक्षयकृत्प्रवृद्धो’, आपल्याला आठवला असं त्यांनी सांगितलं ते १९६५ मध्ये दूरचित्रवाणीवर प्रसिद्धपणे. स्फोटानंतर तिथल्या तिथे त्यांनी श्लोक म्हटला, हे आपल्या फॉरवर्डवाल्यांचं योगदान. शेजारी असलेल्या त्यांच्या भावाच्या आठवणीनुसार ते इतकंच म्हणाले, की जमलं.

आणि तीच ओसाडीची गोष्ट. जागा निर्मनुष्य म्हणून निवडली, पण वीस मैलांच्या आत शेतं-वाड्या होत्या. त्यांना आधी सांगितलं नाही, नंतरही दारूगोळ्याचं कोठार उडालं अशी बातमी दिली. राख बर्फासारखी पडली, छपरांवर, आणि छपरांवरचं पाणी साठवून पिणारी ही माणसं होती. तुलारोसा खोऱ्यातल्या कुटुंबांत कर्करोगाच्या कहाण्या पिढ्यान् पिढ्या आहेत. किरणोत्सर्गग्रस्तांच्या भरपाईचा कायदा १९९० चा. त्यात न्यू मेक्सिकोच्या या लोकांचा समावेश व्हायला २०२५ उजाडलं. ट्रिनिटीच्या स्तंभावर यातलं काही लिहिलेलं नाही.

व्हाइट सँड्स खरंच इतकं पांढरं आहे का?

आहे. फोटोत बर्फ वाटतो तसाच डोळ्यांनाही वाटतो. ही नेहमीची वाळू नाही, जिप्सम आहे. प्लास्टर ऑफ पॅरिस बनतं तेच. जिप्सम पाण्यात विरघळतं, त्यामुळे जगात बहुतेक ठिकाणी नद्या ते समुद्रात वाहून नेतात. तुलारोसा खोऱ्यातून मात्र एकही नदी बाहेर पडत नाही. डोंगरातून विरघळून आलेलं जिप्सम खालच्या तळ्यात साचतं, पाणी उडून जातं, स्फटिक उरतात, वारा त्यांचा भुगा करतो. अशा टेकड्या २७५ चौरस मैल पसरल्या आहेत, या प्रकारात जगात सर्वात मोठ्या. १९३३ पासून संरक्षित, राष्ट्रीय उद्यान झालं डिसेंबर २०१९ मध्ये.

भर दुपारी अनवाणी चालता येतं, पाय भाजत नाहीत. मुलांसाठी माहिती केंद्रात प्लास्टिकच्या गोल थाळ्या मिळतात, त्यांना खालून मेण घासायचं आणि उतारावरून घसरायचं. आठ मैलांचा आतला रस्ता वाळूने भरतो, तो बर्फ काढायच्या नांगराने साफ करतात. सूर्यास्ताच्या तासभर आधी पोहोचा. पांढऱ्याचा गुलाबी आणि मग निळा होतो.

दोन सूचना. एक, आत पाणी मिळत नाही आणि टेकड्यांमध्ये दिशा कळत नाही. उन्हाळ्यात इथे माणसं दगावली आहेत. ‘अल्कली फ्लॅट’ नावाच्या पायवाटेच्या नावावर जाऊ नका, ती पाच मैल नुसती चढ-उताराची आहे. दोन, शेजारी क्षेपणास्त्र चाचणी असली की महामार्ग आणि उद्यान दोन्ही काही तास बंद. आदल्या दिवशी संकेतस्थळ बघा.

इथेच सापडलेल्या माणसांच्या पाऊलखुणा २१ ते २३ हजार वर्षांपूर्वीच्या आहेत, असं २०२१ मध्ये संशोधकांनी मांडलं. अमेरिका खंडात माणूस कधी पोहोचला याची जुनी उत्तरं त्याने हलवून सोडली.

कार्ल्सबाडच्या गुहांना म्हाताऱ्या माणसांना नेता येईल का?

हो. लिफ्ट आहे, सरळ ७५० फूट खाली. खाली ‘बिग रूम’ची सव्वा मैलाची वाट बरीचशी सपाट आहे, दीड तास लागतो. गुडघे धड असतील तर नैसर्गिक तोंडातून चालत उतरा आणि येताना लिफ्ट घ्या. लिफ्ट अधूनमधून दुरुस्तीला असते, फोन करून खात्री करा. वेळेचं आरक्षण आधी ऑनलाइन लागतं. आत वर्षभर १३ अंश सेल्सिअस, तेव्हा आईची शाल हवीच.

बहुतेक गुहा पावसाच्या पाण्याने कोरल्या जातात. ही वेगळी. खोल खनिज तेलाच्या साठ्यांतून वर आलेला वायू भूजलात मिसळून गंधकाम्ल झालं, त्याने चुनखडी खाल्ली. ती चुनखडी म्हणजे सव्वीस कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रात स्पंज आणि शैवालांनी रचलेली भिंत (रीफ).

आत साध्या पाण्याशिवाय काहीही न्यायचं नाही. २०२४ मध्ये कुणाच्या तरी हातून मक्याच्या कुरकुऱ्यांचं पाकीट पडलं. दमट हवेत ते मऊ झालं, बुरशी आली, किडे आले, आणि रेंजरना हाताने साफ करत बसावं लागलं. आपला चिवडा गाडीत ठेवा.

साधारण मे ते ऑक्टोबर संध्याकाळी गुहेच्या तोंडातून लाखो वटवाघळं गरगरत बाहेर पडतात. ते बघायला पायऱ्यांवर बसायची सोय आहे, आणि फोन-कॅमेरा पूर्ण बंद ठेवावा लागतो. नुसतं बघायचं.

रॉझवेलसाठी वाट वाकडी करावी का?

कार्ल्सबाडच्या वाटेवर असाल तर तासभर थांबा. १९४७ च्या उन्हाळ्यात एका पशुपालकाला कुरणात काही तुकडे सापडले, हवाईतळाने ‘उडती तबकडी मिळाली’ असं पत्रक काढलं आणि दुसऱ्या दिवशी हवामानाचा फुगा होता म्हणून फिरवलं. १९९४ मध्ये हवाई दलाने सांगितलं की तो सोव्हिएत अणुचाचण्यांचा कानोसा घेणारा गुप्त फुगा होता. गावाने परग्रहवासीयांवर बस्तान बसवलं आहे, दिव्यांच्या खांबांनाही डोळे काढले आहेत. मुलं खूश होतात. बाकी काही नाही.

चाको कॅन्यन आणि त्या मोठ्या दुर्बिणी?

चाकोसाठी मात्र वाट वाकडी कराच, पाऊस नसेल तर. शेवटचे काही मैल कच्चा रस्ता, पावसात चिखल. नवव्या ते बाराव्या शतकात पुएब्लो लोकांच्या पूर्वजांनी इथे दगडी महावास्तू बांधल्या. पुएब्लो बोनितोत सहाशेहून जास्त खोल्या, काही भाग चार मजली. एका रांगेतल्या दारांतून पलीकडची दारं दिसतात, तिथे उभं राहून दगड कसा बसवला आहे ते जवळून बघा: मोठ्या चिऱ्यांच्या फटीत बोटभर जाडीच्या चिपा, चुना नाही. खायला काही मिळत नाही, राहायला फक्त तंबू. रात्रीचं आकाश मात्र असं असतं की शहरात वाढलेल्या माणसाला नक्षत्रं ओळखू येत नाहीत, इतके तारे.

दुर्बिणी म्हणजे सोकोरो गावाच्या पश्चिमेला ‘व्हेरी लार्ज अरे’ ही रेडिओ दुर्बीण. प्रत्येकी २५ मीटर व्यासाच्या २७ तबकड्या, इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात, रुळांवर. ठराविक महिन्यांनी २३० टनांच्या त्या तबकड्या सरकवून जवळ-लांब करतात. नारायणगावजवळ खोडदला आपली जीएमआरटी पाहिली असेल तर ओळखीचं वाटेल: तिथे ४५ मीटरच्या ३० तबकड्या, मांडणी वायचीच. फरक असा की आपल्या जागच्या हलत नाहीत, आणि त्या काही सेंटिमीटरच्या नव्हे, मीटरच्या घरातल्या लांब लहरी ऐकतात. म्हणूनच आपल्याला पत्र्याऐवजी तारांच्या जाळीवर भागवता आलं.

बलून फिएस्टा?

ऑक्टोबरच्या सुरुवातीला नऊ दिवस, आल्बुकर्कीत. १९७२ मध्ये एका मॉलच्या वाहनतळावर १३ फुग्यांनी सुरुवात झाली, आता पाचशेच्या वर फुगे येतात. शहराच्या हवेत सकाळी एक खोड आहे: खालचा वारा दक्षिणेला नेतो, वरचा उत्तरेला आणतो. त्यामुळे वैमानिक उंची कमी-जास्त करत जवळपास निघाला तिथेच उतरू शकतो. मैदानात फुग्यांच्या अगदी मधून फिरता येतं, ज्योतीचा धगाटा गालाला लागतो. पहाटे पाचला पोहोचायचं, स्वेटर घालून. वारा असला की उड्डाण रद्द, म्हणून किमान दोन सकाळी हाताशी ठेवा. हॉटेलं वर्षभर आधी भरतात.

शाकाहारी माणसाचं जेवणाचं काय?

तिखटाची चिंता नको. मेक्सिकोतून स्पॅनिशांनी उत्तरेला आणलेली मिरची आणि पोर्तुगिजांनी गोव्यात उतरवलेली मिरची एकाच घरच्या. इथे मिरची हाच रस्सा. कुठलाही पदार्थ मागवा, विचारणार: लाल की हिरवी? हा राज्याचा अधिकृत प्रश्न आहे, खरोखर विधिमंडळाने ठरवलेला. दोन्ही हव्या असतील तर ‘ख्रिसमस’ म्हणायचं. ऑगस्ट-सप्टेंबरात दुकानांबाहेर जाळीच्या पिंपांत पोतंभर हिरव्या मिरच्या भाजतात. त्या वासाला २०२३ मध्ये राज्याचा अधिकृत सुगंध म्हणून मान्यता मिळाली.

पण सावध राहा. घोटलेल्या राजम्यात बऱ्याचदा डुकराची चरबी असते. हिरव्या रश्श्यात डुकराचं मांस किंवा कोंबडीचं पाणी. आणि बिस्कोचितो नावाचं बडीशेप-दालचिनीचं निरागस दिसणारं बिस्किट पारंपरिक पद्धतीने त्याच चरबीत होतं. प्रत्येक ठिकाणी विचारा. आजकाल बहुतेक जण बिनमांसाचा रस्सा वेगळा ठेवतात. चीज किंवा भोपळ्याच्या एन्चिलादा, निळ्या मक्याच्या पोळ्या, वर तळलेलं अंडं चालत असेल तर तेही. सोपापिया म्हणजे चौकोनी, टम्म फुगलेली पुरीच. कोपरा फोडून आत मध ओतायचा.

कधी जावं, किती दिवस, आणि आई-बाबांना झेपेल का?

सप्टेंबर-ऑक्टोबर सर्वात छान. एप्रिल-मेमध्ये वारा आणि धूळ. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी गडगडाटी सरी येतात, त्याला तिथेही मान्सूनच म्हणतात. कोरडे ओढे दहा मिनिटांत भरतात, त्यांत गाडी घालायची नाही. नाताळच्या आदल्या संध्याकाळी सांता फेत कागदी पिशव्यांत वाळू आणि मेणबत्ती ठेवून भिंती-गच्च्या उजळतात. थंडी सोसवत असेल तर ते बघा.

फक्त उत्तर भाग चार दिवसांत होतो: आल्बुकर्की, सांता फे, ताओस. व्हाइट सँड्स आणि कार्ल्सबाड धरून आठवडा द्या. त्यातच ग्रँड कॅन्यन कोंबू नका. गाडीला पर्याय नाही. आल्बुकर्की-सांता फे एवढीच रेल्वे सोयीची आहे.

आई-बाबांना झेपेल. पहिला दिवस आल्बुकर्कीत मुक्काम, भरपूर पाणी, दम लागला तर थांबायचं. हवा इतकी कोरडी की घाम कळत नाही, आणि नाकात सुकून रक्त येऊ शकतं, घाबरू नका. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर सांता फेआधी डॉक्टरांना विचारा. सांदिया डोंगरावरची केबल कार सुमारे १५ मिनिटांत दहा हजार फुटांवर नेते, ती पहिल्या दिवशी नको.

देऊळ आहे का कुठे?

आहे, आणि जिथे अपेक्षा नाही तिथे: ताओसमध्ये. नीम करोली बाबांच्या अमेरिकन शिष्यांनी चालवलेल्या आश्रमात संगमरवरी उडता हनुमान आहे. हनुमान चालिसा अमेरिकन उच्चारांत, पण तोंडपाठ चालते. बाहेर भाजीचे वाफे. ताओस पुएब्लो बघून संध्याकाळी जाता येतं.

आठवण म्हणून काय आणावं?

फिरोजा जडवलेले चांदीचे दागिने, पण बघून. रस्त्यावरच्या ‘इंडियन’ पाट्यांखाली बाहेरून आयात केलेला माल भरपूर असतो. दुसऱ्याने केलेली वस्तू मूळ अमेरिकी कारागिरांची म्हणून विकणं १९९० च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी चालतं. गव्हर्नरांच्या वाड्याच्या पडवीत मात्र वस्तू विकणाऱ्याने किंवा त्याच्या घरच्यांनीच केलेली असावी लागते आणि तिच्यावर कारागिराची खूण असते. चांदीचं वजन आणि खड्याची खाण दोन्ही विचारा. सांगतात, आणि आवडीने सांगतात. घासाघीस थोडी चालते, आपल्या तुळशीबागेइतकी नाही. पैसे रोख ठेवा. लाल मिरचीची पूड चिमायोची घ्या, आणि आईला देण्याआधी तिला सांगा की ही बेडगीपेक्षा जहाल नाही पण मातकट गोडसर आहे, आमटीत नको, बटाट्यावर छान लागते.